दौत आपली, शाई कोणाची?

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ती आपल्यासारख्यांच्या घरांत कशी शिरली हा प्रश्न निराळा. हल्लीं घरोघरीं आलेला प्रिंटर हें या म्हणीचें मूर्तिमंत उदाहरण होय. यंत्र विकत घेतांना खिशास फारशी झळ लागत नाहीं, म्हणून मनुष्य तें आनंदानें घरीं आणतो. पुढें शाईचें कार्ट्रिज दोन-तीन वेळां बदलावें लागलें, म्हणजे एवढ्या पैशांत दुसरा प्रिंटर आला असता कीं काय, असा हिशेब घरांत सुरू होतो. गोष्ट एवढ्यावर थांबती, तर तिच्यासाठीं या सदराची जागा अडविण्याचें कारण नव्हतें. महागाई ही कांहीं नवी तक्रार नव्हे. परंतु अलीकडे कोंबडी विकणारा गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांतच ठाण मांडून बसला आहे, आणि मसाला माझ्याच दुकानचा घातला नाहीं तर चूल पेटूं देणार नाहीं, असें म्हणतो. या गृहस्थाचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

आमच्या डोंबिवलींत घरचीं कर्तीं माणसें सकाळच्या लोकलनें मुंबईस जातात आणि रात्रीं परत येतात. मार्च २०२० मध्यें हें सारें थांबलें. कचेरी आणि शाळा दोन्ही घरांत आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ प्रिंटर आला. पुढें लोकल सुरू झाल्या, शाळा भरूं लागल्या, पण प्रिंटर गेला नाहीं. नातवाचे शाळेंतील प्रकल्प, सूनबाईंच्या कचेरीचे कागद, सत्यनारायणाचीं आमंत्रणें, सोसायटीच्या सभेची नोटीस, वडीलधाऱ्यांच्या रक्ततपासणीचे अहवाल, सगळें त्यांतूनच बाहेर पडतें. एकत्र कुटुंबांत हें यंत्र वाड्यांतील विहिरीसारखें आहे. पाणी सर्वजण उपसतात, आणि विहीर आटली म्हणजे मात्र दोष कोणाचा याविषयीं एकमत होत नाहीं.

या विहिरीला पाणी पुरविणारीं माणसें म्हणजे कार्ट्रिज भरून देणारे दुकानदार. स्टेशनाच्या जवळ, एखाद्या जिन्याखालच्या चार हातांच्या जागेंत, झेरॉक्सचें यंत्र आणि मोबाइलचीं कव्हरें यांच्यामध्यें हा मनुष्य बसलेला असतो. त्याच्याजवळ चार रंगांच्या बाटल्या आणि तितक्याच इंजेक्शनाच्या सुया असतात. रिकामें कार्ट्रिज हातांत घेऊन वरचें कागदी लेबल तो हलक्या हातानें सोडवितो, सुई आंत घालून सावकाश शाई सोडतो, हवेचा बुडबुडा राहिला असल्यास तो काढतो, खालचें तोंड ओल्या फडक्यावर टेकवून तिन्ही रंगांचे पट्टे उमटतात कीं नाहीं तें पाहतो, आणि नव्याच्या किमतीच्या अल्पशा अंशांत तें आपल्या हातीं देतो. लहान कार्ट्रिजांत शाई असते ती चार-दोन चमचे. तेवढ्यासाठीं प्लास्टिकचें अख्खें धड टाकून द्यावयाचें हें ज्या घरांत तेलाची बाटली धुऊन पुन्हा वापरतात तेथें पटणें कठीणच होतें. सबब हा धंदा चालला आणि बरा चालला.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या प्रिंटरानें, रात्रीं सर्व मंडळी निजलीं असतां, इंटरनेटवरून आपणहून एक ‘अपडेट’ घेतलें. सकाळीं पाहतों तों आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तम छापणारें कार्ट्रिज त्यास चालेना. हें कार्ट्रिज दुसऱ्या एका कारखान्यानें केलेलें होतें, आणि आम्हीं तें दोनदां भरून आणलें होतें. पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं हें कार्ट्रिज स्वीकारतां येत नाहीं. दुकानदार हा आमचा जुना विद्यार्थी. त्यानें तें उजेडाकडे धरून हलवून पाहिलें आणि म्हणाला, “सर, शाई भरपूर आहे बघा. पण मशीन म्हणतंय, ओळख दाखव. मी शाई भरून देईन, ओळख कुठून भरून देऊ?”

त्याच्या या एका वाक्यांत सर्व प्रकार आला. कार्ट्रिजाच्या पाठीवर नखाएवढी एक तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी असते, ती चिप. तिचें मूळचें काम साधें. शाई किती खर्च झाली याचा अंदाज ठेवावयाचा आणि संपत आल्यावर मालकास सांगावयाचें. हा बहुधा अंदाजच असतो, म्हणून पडदा ‘रिकामें’ म्हणत असतांहि आंत शाई शिल्लक असूं शकते. पुढें त्याच चिपेंत कारखान्याची एक गुप्त खूण ठेवूं लागले. कार्ट्रिज बसवितांच प्रिंटर खूण विचारतो. उत्तर जुळलें तर छापतो, न जुळल्यास स्वस्थ बसतो. दुसऱ्या कारखान्यांनीं त्या खुणेचें उत्तर शोधून काढलें, तर कंपनी अपडेट पाठवून प्रश्नच बदलते. शाईच्या गुणावगुणांशीं या परीक्षेचा कांहीं संबंध नाहीं. शाई कशी आहे हें यंत्र पाहतच नाहीं. तें गोत्र विचारतें, आणि गोत्र जुळलें नाहीं म्हणजे पंगतींतून उठवितें.

शाईच्या बाबतींत आपल्या लोकांनीं ही कटकट पूर्वीं कधीं सोसलेली नाहीं. आमचे आजोबा काजळी, डिंक आणि पाणी यांची शाई घरींच घोटीत. दौतीनें ती कोठून आली असें कधीं विचारलें नाहीं. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनचा शिळाछाप पाहून आपल्या हातानें लाकडी यंत्र उभें केलें, शाईहि स्वतः खटपट करून बनविली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. छापखान्याच्या शाईंत चरबी असते या संशयानें जुनीं माणसें छापील पोथीस शिवत नसत, तेव्हां त्यांच्याकरितां तुपाची शाई वापरली गेली असें सांगतात. यंत्र करणाऱ्याची शाई निराळी आणि छापणाऱ्याच्या गरजेची निराळी असूं शकते, हें तेव्हांच दिसून आलें होतें. आणि विलायती यंत्र असो कीं देशी, त्यांत तूप चालणार नाहीं असें सांगणारा कोणी यंत्राच्या आंत बसलेला नव्हता, म्हणून तें पंचांग आपल्या देव्हाऱ्यापर्यंत आलें.

शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं, दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधु यांनीं मुंबईत ‘घोडा छाप’ शाईची पूड आणि गोळ्या करावयास आरंभ केला. तोच पुढें कॅमलिनचा कारखाना झाला. आम्ही शाळेंत असतांना कॅमलची बाटली आणि काचेची नळी हा घराघरांतील रविवारचा कार्यक्रम होता. पेन कोणत्याहि देशाचें असो, त्यांत दांडेकरांची शाई बिनतक्रार उतरे. मोठमोठ्या पेनवाल्या कंपन्याहि आमचीच शाई वापरा अशी शिफारस करीत. पार्करनें आपली ‘क्विंक’ त्याच १९३१ सालीं बाजारांत आणली. पण शिफारस ही शिफारसच राहिली. ती न मानल्यास पेनचें नीब आपोआप मिटून जात नसे. तशी सोय तेव्हां असती, तर देशी शाईचा धंदा उभा राहिला असता काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां जगांत काय चाललें आहे तें थोडक्यांत पाहूं. १३ सप्टेंबर २०१६ रोजीं एचपी कंपनीच्या ऑफिसजेट जातीच्या पुष्कळ प्रिंटरांनीं एकदमच परक्या चिपांचीं कार्ट्रिजें नाकारलीं; तशी तजवीज आधींच्या अपडेटांत करून ठेविलेली होती. लोकांनीं ओरड केली, तेव्हां कंपनीनें आपण ही गोष्ट नीट सांगितली नाहीं याबद्दल दिलगिरी दर्शविली आणि ज्यांस हवें त्यांस अडसर काढणारें अपडेट दिलें. परंतु ही पद्धत सोडली नाहीं. तिला ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ असें भारदस्त नांव आहे. अमेरिकेंतील ग्राहकांच्या दाव्यांत पुढें १५ लाख डॉलरांवर तडजोड झाली, आणि इटलींतील स्पर्धा-नियामक संस्थेनें डिसेंबर २०२० मध्यें, ग्राहकांस या निर्बंधांची पुरेशी कल्पना दिली नाहीं म्हणून, एक कोटी युरोंचा दंड केला. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, कंपनीची मूळची चिप जागेवर असलेलें कार्ट्रिज पुन्हा भरून घातल्यास ही व्यवस्था सामान्यतः हरकत घेत नाहीं, असें कंपनीचें म्हणणें आहे. पण ‘एचपी प्लस’ म्हणून जे प्रिंटर विकले जातात, त्यांत तीहि सवलत नाहीं. तेथें अस्सल कार्ट्रिज आणि इंटरनेटची जोडणी यांवांचून पान हलत नाहीं. महिन्याच्या वर्गणीवर शाई पुरविण्याची एक योजनाहि परदेशांत आहे. तींत वर्गणी थांबली कीं आंत शाई भरलेली असतांहि तें कार्ट्रिज छापावयाचें थांबतें.

या कंपनीचे तेव्हांचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनीं जानेवारी २०२४ मधील एका मुलाखतींत मोकळेपणानें सांगितलें कीं, प्रत्येक गिऱ्हाईक ही आमची गुंतवणूक असते, आणि जो पुरेसें छापीत नाहीं किंवा आमचा माल वापरीत नाहीं ती वाईट गुंतवणूक होय. आम्ही आजवर अशा समजुतींत होतों कीं पैसे आपण गुंतविले आणि वस्तु आपली झाली.

आमचे चिरंजीव अभियंते आहेत आणि त्यांस आमचें हें बोलणें एकांगी वाटतें. त्यांचें म्हणणें येथें प्रामाणिकपणें देतों, कारण तें पोकळ नाहीं. “बाबा, प्रिंटर त्यांनी तोट्यात किंवा जवळजवळ तोट्यात दिला. तो तोटा शाईतून भरून काढायचा हा त्यांचा हिशोब आहे. तुम्ही स्वस्त यंत्र घेता आणि शाई दुसऱ्याची घालता, मग त्यांचा धंदा चालायचा कसा? आणि रिफिलवाल्याची शाई गळली की तक्रार कंपनीकडेच जाते ना?” शेवटचा मुद्दा तर आम्हांस घरांतच मान्य करावा लागतो. वाईट भरलेलें कार्ट्रिज गळतें, छापणारें तोंड तुंबतें, आणि सूनबाईंच्या पांढऱ्या टॉवेलावरील निळा डाग अद्यापि गेलेला नाहीं. परक्या चिपेवाटे यंत्रांत विषाणू शिरूं शकतो, असेंहि कंपन्या सांगतात.

परंतु या शेवटच्या भीतीस एक मौजेचें उत्तर कंपन्यांकडूनच मिळून गेलें आहे. २०२२ च्या आरंभीं जगांत चिपांचा दुष्काळ पडला, आणि कॅनन कंपनीस आपल्या मोठ्या कचेरी-यंत्रांच्या टोनर कार्ट्रिजांवर बसविण्यास चिपा मिळेनात. तेव्हां तिच्या जर्मनींतील शाखेनें गिऱ्हाइकांस कळविलें कीं, चिपेवांचून पाठविलेलीं कार्ट्रिजें घाला. यंत्र कुरकुर करील, ती सूचना अमुक बटण दाबून बाजूस सारा. छपाईच्या गुणांत कांहीं फरक पडणार नाहीं, फक्त टोनर किती उरला हें नीट कळणार नाहीं. म्हणजे गोत्र न विचारतांहि पंगत यथास्थित उठते हें कंपनीच्याच लेखणीनें सिद्ध झालें.

राहिला तोट्याचा मुद्दा. कोणीं तोट्यांत माल विकावा हा विकणाऱ्याचा प्रश्न आहे. स्वस्त यंत्राच्या बदल्यांत महाग शाईची अट हवी असेल, तर ती अवश्य घालावी. पण ती खोक्याच्या दर्शनी भागावर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावी, म्हणजे घेणारा दोन्हींचा हिशेब एकदमच करील. आमची मुख्य हरकत आहे ती विक्रीनंतर पाठविलेल्या अटीस. घर विकून, पैसे मोजून घेऊन, नोंदणीहि करून दिल्यावर, मूळ मालकानें दोन वर्षांनीं रात्रीं येऊन कुलूप बदलावें आणि किल्ली माझ्याकडून दरमहा विकत घ्या म्हणावें, यास आमच्या चिरंजीवांच्या कोणत्या पुस्तकांत करार म्हणतात हें आम्हीं त्यांस विचारलें. त्यांनीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. वादाचा निकाल लागला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

आपल्या स्मृतिकारांनीं या प्रश्नाचा विचार बारकाईनें केलेला आहे. व्यवहाराचीं जीं अठरा पदें, म्हणजे न्यायसभेंत येणाऱ्या तंट्यांचे जे अठरा प्रकार, नारदस्मृतींत सांगितले आहेत, त्यांत ‘विक्रीयासंप्रदान’ असा एक स्वतंत्र प्रकार आहे. विकून पैसे घेतले, पण वस्तु दिली नाहीं, हा त्याचा अर्थ. किंमत घेऊन माल न देणाऱ्याकडून तो वाढीसह देववावा, असें याज्ञवल्क्यहि सांगतो. दानाचें लक्षण करितांना तर आमच्या निबंधकारांनीं दोन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत: देणाऱ्याचें स्वत्व संपलें पाहिजे, आणि घेणाऱ्याचें उत्पन्न झालें पाहिजे. हातावर पाणी सोडून ‘न मम’ म्हणावयाचें तें याचसाठीं. विक्रींतहि पैसे घेतल्यावर स्वत्व सुटावयास हवें. प्रिंटर आपल्या टेबलावर आला, धूळ आपण पुसतों, वीज आपली जळते; पण त्यांत कोणती शाई घालावयाची याचा अधिकार मात्र विकणाऱ्याच्या हातीं उरतो. याला संप्रदान झालें असें म्हणणें कठीण आहे.

गमतीची गोष्ट अशी कीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ३० मे २०१७ रोजीं जवळजवळ हेंच सांगितलें. लेक्समार्क कंपनी कांहीं टोनर कार्ट्रिजें सवलतीनें विकी, अट ही कीं तीं एकदांच वापरावीं आणि रिकामीं दुसऱ्या कोणास देऊं नयेत. वेस्ट व्हर्जिनियांतील इंप्रेशन प्रॉडक्ट्स या लहानशा दुकानानें तीं रिकामीं कार्ट्रिजें जमवून भरून विकलीं, आणि लेक्समार्कनें पेटंटाचा भंग म्हणून दावा लावला. न्यायालयानें ठरविलें कीं एकदां वस्तु विकली कीं तिच्यावरील पेटंटाचा हक्क संपला. अट घातली असली तरी संपला. मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्‌स यांनीं निकालांत मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचें उदाहरण घेतलें. मोटारीच्या प्रत्येक भागाचा कर्ता विक्रीनंतरहि आपला हक्क सांगूं लागला, तर तें दुकान चालावयाचें कसें? दुकानदार जिंकला खरा. परंतु कायद्यानें जो दरवाजा उघडला त्याला चिपेनें आंतून कडी घातली. हक्क आहे, पण यंत्र ऐकत नाहीं, अशी स्थिति झाली.

मोटारींचा हा प्रश्न आपल्या देशांतहि निघाला होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी होऊन भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं साधनें खुल्या बाजारांत मिळूं देत नाहींत, त्यामुळें बाहेरच्या कारागिरास मोटार दुरुस्त करणें अशक्य होतें, हें आयोगास पटलें. दंडाचा वाद पुढें अपिलांत गेला. केंद्राच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिति नेमली आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरास, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. समितीनें शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती विजेचीं उपकरणें आणि मोटारी हीं क्षेत्रें पुढें धरलीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत, एक वस्तु हवी तर दुसरीहि घेतलीच पाहिजे अशी सक्ति ही निर्बंधक व्यापारप्रथा म्हणून गणली आहे. प्रिंटर विकल्यावर मागाहून घातलेली शाईची सक्ति त्या शब्दांत बसते कीं नाहीं, हा प्रश्न कोणीतरी चिकाटीच्या गृहस्थानें ग्राहक आयोगापुढें न्यावयास हवा. डोंबिवलींत अशा गृहस्थांची वाण नाहीं.

तोंवर घरच्या माणसांनीं काय करावें? नवा प्रिंटर घेण्यापूर्वीं खोक्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावींत. परक्या चिपेचें कार्ट्रिज चालणार नाहीं अशी सूचना पुष्कळदां तेथें असते. बाटलीनें शाई ओतावयाचे टाकीवाले प्रिंटर आरंभीं महाग पडतात, पण जेथें रोज पांच-दहा पानें निघतात तेथें तेच परवडतात. या टाकीची कथाहि ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडील आणि इंडोनेशियासारख्या देशांतील दुकानदार प्रिंटरास बाहेरून बाटल्या जोडून बारीक नळ्यांनीं शाई पुरवूं लागले. कंपन्यांनीं प्रथम त्यास नाकें मुरडलीं. पुढें एप्सन कंपनीनें तीच कल्पना उचलून २०१० सालीं इंडोनेशियांत आपला टाकीचा प्रिंटर काढला, आणि तो लवकरच आपल्याकडेहि आला. जिन्याखालच्या माणसाची युक्ति अशी कांचेच्या कपाटांत जाऊन बसली. त्याला त्याबद्दल कोणीं काहीं दिल्याचें ऐकिवांत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें आतां सुया आवरून ठेवून लॅमिनेशनचें यंत्र घेतलें आहे.

ज्यांच्याकडे कार्ट्रिजाचा प्रिंटर आधींच आहे, त्यांनीं आपोआप येणारें अपडेट बंद करतां येतें कीं नाहीं तें पाहावें. मात्र त्याच अपडेटांतून सुरक्षिततेच्या दुरुस्त्याहि येतात, म्हणून तें बंद ठेवणारानें प्रिंटर इंटरनेटपासून दूर ठेवून तारेनें संगणकास जोडावा हें बरें. आणि यंत्रानें एखाद्या सकाळीं अडवणूक केलीच, तर पडद्यावरील सूचनेचा फोटो, प्रिंटराची पावती आणि अपडेट आल्याची तारीख या तिन्ही वस्तु जपून ठेवाव्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें. ज्या घरांत मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे, आणि १९७५ पासून चालत आलेल्या या संस्थेचें महिन्याचें वाणसामान आमच्या वाचकांपैकीं कित्येकांकडे येत असेल, तेथें पुढील वाटपाच्या दिवशीं जमलेल्या मंडळींत हा विषय काढावा, आणि कोणाकोणाचे प्रिंटर असे अडून बसले आहेत त्याची एक यादी करावी; ती यादी या सदराकडे पाठविल्यास आम्ही तिचा उपयोग करूं.